एकशे बारा लावला, घंटी स्टोअररूममध्ये!

एक साधा प्रश्न विचारते. आपल्या हॉस्टेलच्या गेटवर, मेसमध्ये, वॉर्डन मॅडमच्या ऑफिसमध्ये इंटरकॉमचे जे फोन आहेत, त्यांच्यावरून रात्री दोन वाजता ११२ दाबला तर तो कुठे लागेल? "पोलिसांना, अजून कुठे!" असंच उत्तर सगळे देतात. माझ्या रूममेटने तर 'हा काय प्रश्न झाला का?' अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

पण खरं उत्तर असं आहे की हे पोलिसांवर अवलंबून नाही आणि टेलिफोन कंपनीवरही नाही. ते अवलंबून आहे भिंतीवरच्या त्या डब्यावर, ज्याला आपण ईपीएबीएक्स म्हणतो, आणि त्या डब्यात कुणी, कधी, काय सेटिंग करून ठेवलंय त्यावर. आणि हे सेटिंग कुणी वाचत नाही. आपल्या ब्रँचवालेसुद्धा नाही! आम्ही स्विचिंगच्या पेपरला स्ट्रोजर शिकतो, क्रॉसबार शिकतो, अर्लांगचा फॉर्म्युला पाठ करतो, आणि ज्या एक्स्चेंजखालून रोज मेसला जेवायला जातो त्याचं झाकण कधी उघडून बघत नाही.

मला ते झाकण उघडायला मिळालं या उन्हाळ्यात. सुट्टीत वर्ध्याच्या एका दुकानात ट्रेनिंग घेतलं. इंटरकॉम, सीसीटीव्ही, यूपीएस असं सगळंच ते दुरुस्त करतात. तिथून आम्हाला एका ऑफिसात पाठवलं (नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही). काम एका ओळीचं होतं: "डेटा मॉड्यूल कॉन्फिगर करून द्या, कॉलची यादी कॉम्प्युटरवर दिसली पाहिजे."

डेटा मॉड्यूल म्हणजे काय, ते आधी सांगते. ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज आवाज इकडून तिकडे नेतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याला कॉम्प्युटरशीही बोलावं लागतं. कुठल्या एक्स्टेन्शनवरून, कुठल्या लाइनने, कुठला नंबर लावला, किती वेळ बोलले, ही माहिती ते बाहेर काढून देतं, आणि कॉम्प्युटरवरून आपण त्याचं प्रोग्रॅमिंगही वाचू शकतो, बदलू शकतो. हे बोलणं ज्या कार्डातून किंवा डबीतून होतं ते डेटा मॉड्यूल. मोठ्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये तर या मॉड्यूलला माणसासारखा स्वतःचा एक्स्टेन्शन नंबर द्यावा लागतो. त्याचा प्रकार, पोर्ट, स्पीड, पॅरिटी असा अख्खा फॉर्म भरावा लागतो, आणि मग "कॉलची यादी या एक्स्टेन्शनला पाठव" असं एक्स्चेंजला सांगावं लागतं. लहान एक्स्चेंजमध्ये एवढा थाट नसतो. एक कार्ड, त्यावर नऊ पिनांचं कनेक्टर, झालं.

या नऊ पिनांपैकी आपल्याला खरं तर तीनच लागतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० सालचं, म्हणजे आपल्या आईबाबांपेक्षाही मोठं! आजच्या लॅपटॉपला तसं पोर्टच नसतं, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो. आणि दोन्ही टोकांनी आधीच ठरवलेलं असावं लागतं की आपण किती वेगाने बोलणार, एका अक्षराला किती बिट, पॅरिटी कुठली. एक बाजू दुसऱ्या बाजूला हे विचारत नाही. ठरलेलं जुळलं तर बोलणं होतं, नाहीतर स्क्रीनवर कचरा येतो.

आमच्याकडे आधी कचराच आला. सरांनी लॅपटॉप नेहमीच्या ९६०० वर ठेवला होता. एक्स्चेंज १२०० वर होतं, कारण पूर्वी कधीतरी त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला होता. प्रिंटर केव्हाच भंगारात गेला, सेटिंग मात्र तसंच राहिलं. वेग १२०० केल्यावर जे दिसलं ते फार मजेशीर होतं. आकड्यांमध्ये ०, ३, ५, ६ आणि ९ अगदी स्वच्छ, आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं. सर हसले आणि मला म्हणाले, "सांग बघू, काय झालं असेल?" इंजिनीअरिंगच्या वाचकांनी इथे थांबून विचार करावा, बाकीच्यांनी पुढचं वाक्य सोडलं तरी चालेल. एक्स्चेंज सात बिट आणि इव्हन पॅरिटीने पाठवत होतं, लॅपटॉप आठ बिट आणि विनापॅरिटी धरून बसला होता. ज्या आकड्यांच्या कोडमध्ये १ ची संख्या सम, ते नीट दिसत होते, आणि जिथे विषम, तिथे पॅरिटीचा बिट अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसत होता. सेकंड इयरला पॅरिटीवर मी तीन पानं लिहिली होती. पण पॅरिटी डोळ्यांना दिसली ती त्या दिवशी. सेटिंग जुळवलं आणि ओळी पडायला लागल्या: तारीख, वेळ, एक्स्टेन्शन, लाइन, नंबर, कालावधी. काम संपलं.

म्हणजे ऑफिसच्या मते संपलं! सर मात्र हलले नाहीत. ते म्हणाले, "ही यादी काय दाखवते ते सगळेच बघतात. काय दाखवत नाही, ते बघ." मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. यादीत ओळ पडते ती बाहेरची लाइन मिळालेल्या कॉलची. एखाद्याने नंबर दाबला आणि एक्स्चेंजने तो आतच अडवला किंवा आतच दुसरीकडे वळवला, तर त्याची ओळ पडतच नाही. म्हणजे एखाद्या फोनवरून कुणी मदतीसाठी दहा वेळा प्रयत्न केला तरी सकाळी यादी कोरीच दिसेल, आणि साहेब म्हणतील, "काही झालेलं दिसत नाही." मला वाटतं या सगळ्या लेखातली मुद्द्याची गोष्ट हीच आहे. नोंद व्यवस्थित चालू आहे याचा अर्थ फोन व्यवस्थित चालू आहे असा होत नाही.

मग आम्ही त्याच डेटा मॉड्यूलमधून एक्स्चेंजचं पूर्ण प्रोग्रॅमिंग लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि वाचायला बसलो. एक्स्टेन्शन नंबर १०१ पासून १२४ पर्यंत. कुणीच ते नंबर मुद्दाम दिले नव्हते. बाजारात खूप खपलेल्या एका छोट्या एक्स्चेंजमध्ये फॅक्टरीतून येतानाच एक्स्टेन्शन १०१ पासून सुरू होतात. आता डोक्यात आपले इमर्जन्सीचे नंबर आणा. १०१ फायर ब्रिगेड. १०२ अँब्युलन्स. १०८, म्हणजे महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेली अँब्युलन्स. ११२, सगळ्यांसाठी एकच नंबर. हे सगळेच्या सगळे त्या १०१ ते १२४ च्या पोटात! सरांनी गेटवरच्या फोनवरून ११२ दाबला. आतल्या बाजूला, कुलूपबंद स्टोअररूममध्ये, घंटी वाजायला लागली. वाजत राहिली.

गेटवरचे काका म्हणाले, "बाई, ह्या फोनवरून बाहेर लागतच नाई. सायबाच्या केबिनमधून लागते. आमी आपला मोबाइल वापरतो."

काकांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याला आणखी एक कारण निघालं. गेटच्या फोनला 'झिरो लॉक' होता. हा लॉक काय असतो ते आपल्या आधीच्या पिढीला चांगलं माहीत आहे. एसटीडी महाग होतं तेव्हा प्रत्येक ऑफिसात हा लॉक लावत. बाहेरची लाइन घेण्यासाठी पहिलं शून्य, आणि त्यानंतर परत शून्य दाबलं की तो एसटीडी कॉल, म्हणून दुसरं शून्य बंद. नागपूरचा ०७१२ लागणार नाही, वर्ध्यातला सहा आकडी नंबर लागेल. हुशारीची सोय होती. पण १५ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला: लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करायचा तर नंबरच्या आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. म्हणजे आता दोन शून्यं, एक आपल्या एक्स्चेंजसाठी आणि एक टेलिफोन कंपनीसाठी. ज्या डब्यात जुना लॉक तसाच राहिला, त्या डब्याच्या दृष्टीने वॉर्डनचा मोबाइल, डॉक्टरचा मोबाइल, मुलीच्या वडिलांचा मोबाइल, सगळे एसटीडी झाले आणि एका दिवसात बंद झाले. कुणी तक्रार केली नाही. फोन बिघडलेला नव्हता, डायल टोन येत होता. लोकांनी फक्त तो उचलणं सोडून दिलं.

"मग मोबाइल आहे ना!" असं तुम्ही म्हणाल, आणि मला हा युक्तिवाद दहा जणांनी तरी ऐकवलाय. मान्य, नव्याण्णव वेळा मोबाइल आहे. पण मोबाइल चार्ज नसतो, बेसमेंटमध्ये रेंज नसते, लॉक उघडत नाही, आणि ज्याचा मोबाइल तोच बेशुद्ध पडलेला असू शकतो. तेव्हा हात जातो भिंतीवरच्या फोनकडे. तिथे फोन नसता तर माणूस धावत बाहेर गेला असता, शेजाऱ्याला उठवलं असतं. फोन आहे म्हणून तो तिथे उभा राहतो आणि स्टोअररूमची घंटी ऐकत बसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की न लागणारा फोन भिंतीवर ठेवण्यापेक्षा काढून टाकलेला बरा.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडलं. १ डिसेंबर २०१३ ला टेक्सासमधल्या मार्शल गावी एका हॉटेलच्या खोलीत कॅरी हंट या बाईवर तिच्या नवऱ्याने हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ लावला. एकदा नाही, चार वेळा. लागला नाही, कारण त्या हॉटेलच्या एक्स्चेंजला बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता, आणि शाळेत तिला फक्त ९११ शिकवलं होतं. आई वाचली नाही. मुलीच्या आजोबांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये तिथे 'कॅरीज लॉ' झाला: १६ फेब्रुवारी २०२० नंतर जे एक्स्चेंज विकलं किंवा बसवलं जाईल, त्यावरून ९११ थेट लागलाच पाहिजे, आधी काहीही न दाबता, आणि लागला की हॉटेलच्या काउंटरसारख्या ठिकाणी सूचनाही गेली पाहिजे. विचार करा, एवढ्या मोठ्या कायद्याच्या मुळाशी काय आहे? डायल प्लॅनची एक ओळ. जी भरायला सरांना त्या दिवशी वीस मिनिटं लागली.

काय केलं ते थोडक्यात सांगते. एक्स्टेन्शनचे नंबर दोनशेच्या मालिकेत नेले, १०१ चा २०१, १०२ चा २०२. त्यामुळे १ ने सुरू होणारे नंबर मोकळे झाले. गेटच्या फोनचा झिरो लॉक काढला नाही, पण त्यात लागतील तेवढे ठरावीक मोबाइल नंबर 'चालतील' म्हणून टाकले. ११२ थेट बाहेर जाऊ देण्याची सोय त्या मॉडेलमध्ये नव्हती (काही एक्स्चेंजमध्ये असते, काहींत नसते), म्हणून फोनवर मोठ्या अक्षरांत पट्टी चिकटवली: 'आधी ० दाबा, टोन ऐका, मग ११२'. पट्टी मराठीत लिहिली. काकांनी ती आमच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवली.

पट्टीबद्दल जरा बोलते, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्या एक्स्चेंजचं अडीचशे पानांचं इंग्रजी मॅन्युअल मला कादंबरीसारखं वाचता आलं, आणि खरं सांगायचं तर हा लेख मराठीत लिहायला मला त्यापेक्षा जास्त कष्ट पडताहेत. पण ते मॅन्युअल ज्याच्यासाठी आहे तो ते कधीच बघत नाही. बसवणारा ते आपल्या बॅगेत परत घेऊन जातो. पासवर्डही त्याच्याच डोक्यात. मग तो नोकरी सोडतो, दुकान बंद होतं, आणि मागे राहतात काका आणि न लागणारा फोन. याला टेक्नॉलॉजी ट्रान्सफर म्हणत नाहीत!

आता आपल्याकडे या. सावंगी हे गाव असं की आचार्य विनोबा भावे रुग्णालयामुळे अँब्युलन्सचा सायरन आपल्याला कोंबड्याच्या आरवण्याइतका ओळखीचा झालाय. इथे मदत लांब नाही. इतकी जवळ मदत असताना ती एका सेटिंगमुळे मिळू नये, यासारखी वेडेपणाची गोष्ट नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की हॉस्टेलमध्ये निदान एक फोन असा असावा की नुसता रिसीव्हर उचलायचा, काही दाबायचं नाही, पाच सेकंदांनी आपोआप ठरलेल्या ठिकाणी घंटी वाजेल. याला हॉटलाइन म्हणतात आणि ही सोय साध्या एक्स्चेंजमध्येही बहुधा असते. हॉटलाइन हा शब्द ऐकून आपल्याला मोठमोठे नेते आठवतात. आपल्या शेजारी सेवाग्राम आश्रमात बापूंच्या दफ्तरात जुना टेलिफोन जपून ठेवलाय, व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या काळात गांधीजींशी संपर्कासाठी बसवलेला. आश्रमाच्या ट्रिपला सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात. व्हाइसरॉयला जे हवं होतं ते आज सिकरूममधल्या मुलीला देण्यासाठी फक्त दोन-तीन कोड दाबायचे आहेत.

दुसरी गोष्ट वीज गेल्यावरची. एक्स्चेंजला यूपीएस असतो, तो संपला की इंटरकॉम मेला. पण अनेक एक्स्चेंजमध्ये अशी रचना असते की वीज गेली की बाहेरची एक लाइन सरळ एका ठरलेल्या फोनला जोडली जाते. तो फोन कुठला, हे वायर कुठे पंच केली त्यावर ठरतं. त्या ऑफिसात तो अकाउंट्सच्या केबिनमध्ये निघाला, जी संध्याकाळी सहाला बंद होते. ती वायर गेटवर नेली की झालं.

काही जण म्हणतात, हे जुने डबे फेका, आयपी फोन आणा. आणा ना! पण आयपी एक्स्चेंजमध्येही डायल प्लॅन कुणीतरी लिहावाच लागतो, आणि लिहिणाऱ्याने '१ ने सुरू होणारे तीन आकडे म्हणजे आतलं एक्स्टेन्शन' असं लिहिलं की ११२ पुन्हा स्टोअररूममध्ये. वर लाइट आणि इंटरनेट गेलं तर फोनही गेला. नवीन डब्याने जुना प्रश्न सुटत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने सुचवलं की डेटा मॉड्यूलच्या ओळी लॅपटॉपने वाचायच्या आणि ११२ दिसला की वॉर्डनकडे बझर वाजवायचा, मिनी प्रोजेक्ट होऊन जाईल. कल्पना छान आहे, पण बहुतेक एक्स्चेंजमध्ये ती ओळ कॉल संपल्यावर पडते. बझर वाजेपर्यंत बोलणं झालेलं असेल. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणेन. शिवाय बाहेरच्या माणसाला आपला कॉल कुठल्या ब्लॉकमधून आला ते दिसत नाही, त्याला लाइनचा पत्ता दिसतो. म्हणून फोनजवळच्या पट्टीवर ब्लॉकचं नाव आणि मजलाही लिहिलेला हवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

आणि हो, कॉलच्या यादीबद्दल एक विनंती आदरणीय स्टाफला. ही यादी लाइन पुरतात की नाही ते बघण्यासाठी वापरावी. तासाला तीन-तीन मिनिटांचे चाळीस कॉल आणि चार लाइन असतील तर अर्लांगच्या हिशेबाने शंभरातले नऊ-दहा कॉल अडकतात, पाचवी लाइन घेतली तर चारच्या आत. हे यादीवरूनच कळतं. कुठली मुलगी कुणाला फोन करते हे बघायला वापरली, तर मुली तो फोन उचलणार नाहीत, आणि न उचललेल्या फोनचा रात्री दोन वाजता काही उपयोग नाही.

मला हवंय ते एवढंच. एक्स्चेंजचं प्रोग्रॅमिंग दर सेमिस्टरला एकदा उतरवून घ्यावं आणि त्याची एक प्रिंट ऑफिसात, एक आमच्या लॅबमध्ये ठेवावी. पासवर्ड बंद पाकिटात प्रिन्सिपल सरांकडे असावा, बसवणाऱ्याकडे नाही. आणि प्रत्येक फोन हाताने दाबून तपासावा. (ऐकून लगेच ११२ लावत सुटू नका! आधी प्रोग्रॅमिंग वाचायचं, आतल्या आत बघायचं, आणि बाहेरची चाचणी परवानगी घेऊन, पोलिसांना आधी कळवूनच.) थर्ड इयरच्या प्रॅक्टिकलमध्ये हे बसवलं तर एक जर्नलचं प्रॅक्टिकल होईल आणि हॉस्टेलचंही काम होईल.

वॉर्डन मॅडमना अर्ज दिलाय. केबल आणि यूएसबी कन्व्हर्टर माझ्याकडे आहे. परवानगी आली की एका शनिवारी दुपारी गेटपासून सुरुवात करू. दोन जण लागतील, एक नंबर दाबायला आणि एक घंटी कुठे वाजते ते शोधायला. ज्यांना यायचंय त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं.